महासाथीत कॅन्सरचे उपचार घेणारी मुलं: मनाची काळजी कशी घ्यायची? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

तापीकाठ (समुपदेशक) | २६ जून २०२१

कोरोनाची दुसरी लाट ओसरली, दुकानं उघडली, वावरात कपाशीची लागवड सुरू झाली. पण ज्या घरात कॅन्सरचे उपचार घेणारं मूल आहे, त्या घराचं दार अजून लोटलेलंच आहे आणि सध्या ते तसंच राहणार. केमोथेरपीत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून गर्दी, पाहुणे, खेळगडी सगळं तोडावं लागतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये बाकीच्या पोरांची शाळा बंद झाली. या पोरांची वॉर्डातली खेळाची खोली, गोष्टी सांगायला येणारे स्वयंसेवक, भेटायला येणारी आजी, हे सगळंच बंद झालं. पेशंटसोबत एकच माणूस, असा नियम बहुतेक रुग्णालयांनी केला. म्हणजे आई मुंबईत रुग्णालयात मुलाजवळ, बाप वावरात आणि धाकटं भावंड मामाकडे.

या धाग्यावर करण्यासारख्या गोष्टीच लिहूया. काय बोलायचं, किती वेळ, कुठे बिघडतं आणि का. सुरुवात मी करतो.

तीन ते सहा वर्षांचं मूल आजाराला शिक्षा समजतं. 'मी ऐकलं नाही म्हणून सुई टोचतात' हे ते बोलून दाखवत नाही, धरून बसतं. त्यानं विचारायची वाट न बघता पुन्हा पुन्हा सांगायचं: हे तुझ्या चुकीनं झालेलं नाही, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाला होत नाही आणि सुई टोचताना मी इथेच असेन. शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोला. आत सोडणार नसतील तर 'मी दाराबाहेरच्या बाकावर बसेन' म्हणा आणि त्याच बाकावर बसा.

सात ते अकराच्या मुलांचा या काळातला गोंधळ वेगळा आहे. ती कोरोना आणि कॅन्सर एकात एक मिसळतात. सगळे तोंड बांधून लांब उभे राहतात, कुणी मांडीवर घेत नाही, त्यावरून मूल ठरवतं की आपल्यापासूनच लोकांना धोका आहे. त्याला सरळ सांगा: कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लोक मास्क घालतात ते तुझ्यापासून वाचायला नाही, तुला वाचवायला.

बारा वर्षांपुढच्या मुलापासून आजाराचं नाव लपवू नका. फाईलवर छापलेलं असतं आणि हातात मोबाईल असतो. 'तुला किती सांगू? सगळं, की पुढच्या आठवड्यापुरतं?' असं विचारलं की बहुतेक मुलं स्वतःच माप सांगतात.

लहान मुलांसाठी घरी बाहुलीचा दवाखाना मांडा. एक बाहुली, बिनसुईची नवी सिरिंज, न वापरलेली सलाईनची नळी, कागदी चिकटपट्टी, कापूस. मूल डॉक्टर, बाहुली पेशंट, पंधरा-वीस मिनिटं. मोठ्यांनी चूक दुरुस्त करायची नाही. मूल बाहुलीवर ओरडत असेल, तिला बांधून ठेवत असेल, तर वॉर्डात त्याला कशाची भीती बसली ते तिथे दिसतं.

दिवसात चार वेळा पक्क्या ठेवा. सकाळी अंघोळ करून कपडे बदलायचे, कारण दिवसभर झोपायच्या कपड्यांत असलेलं मूल स्वतःला जास्त आजारी समजतं. अर्धा तास अभ्यास किंवा चित्र. ठरलेल्या माणसाला ठरलेल्या वेळी फोन. आणि संध्याकाळी गच्चीवर किंवा अंगणात वीस मिनिटं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४ च्या वर जातो, तेव्हा हे सकाळी आठच्या आत नाहीतर सूर्य कलल्यावरच.

---

गिरणामाय (बालकर्करोग वॉर्ड, नर्स) | २६ जून २०२१

तापीकाठ भाऊ, चांगला विषय घेतला. वॉर्डाच्या बाजूनं लिहिते.

या दीड वर्षात मुलांना सगळ्यात जास्त भीती बसली आहे ती कोरोनाच्या तपासणीसाठी नाकात घालतात त्या काडीची, म्हणजे स्वॅबची. प्रत्येक भरतीआधी तपासणी, त्यामुळे बॅग भरताना दिसली की मूल रडायला लागतं. 'काही होत नाही' म्हणू नका, कारण होतं. खरं सांगा: नाकात चुरचुरतं, डोळ्यांत पाणी येतं आणि दहा मोजेपर्यंत संपतं. दहा मोठ्यानं मोजायचे, शक्य असेल तर मुलानंच. मूल आईच्या मांडीवर बसलेलं, पाठ आईच्या छातीला टेकलेली, आईचा एक हात त्याच्या कपाळावर, दुसरा दोन्ही हातांवरून. चार जणांनी धरून झोपवलं तर स्वॅब एकदाचा होतो, पण पुढचा प्रत्येक स्वॅब अवघड होऊन बसतो. आणि प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर स्वॅब घेणाऱ्याला आधी सांगा, नाकातून रक्त येऊ शकतं. ते मुलानं अचानक बघितलं तर फार घाबरतं.

पीपीई किटमध्ये आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो. छातीवर मोठ्या अक्षरात नाव आणि हसऱ्या चेहऱ्याचा फोटो लावला की फरक पडतो. काचेच्या दारातून आधी उघडा चेहरा दाखवायचा, मग किट चढवायचं. हे सिस्टरांना आग्रहानं सांगायचा पालकांना अधिकार आहे, संकोच करू नका.

सुईआधी लावायला लिग्नोकेन-प्रिलोकेनचं, कातडी बधिर करणारं मलम मिळतं. जाड थर लावून वर पारदर्शक पट्टी, किमान एक तास आधी. बरेच जण दहा मिनिटं आधी लावतात आणि 'उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. कुठे आणि किती लावायचं ते सिस्टरला विचारूनच ठरवा, अगदी लहान बाळांत जपून वापरावं लागतं.

निवड द्या, पण खोटी नको. 'सुई घ्यायची का?' हा प्रश्न चुकीचा, कारण 'नाही' म्हटलं तरी घ्यावीच लागते. 'उजव्या हाताला की डाव्या?', 'बघणार की तोंड फिरवणार?' हे प्रश्न बरोबर.

डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. आधी सांगितलं नसेल तर मूल रक्त समजतं आणि कुणाला सांगतही नाही.

आता खाण्याचं. केमोच्या दिवशी मुलाच्या आवडीचा पदार्थ देऊ नका! भरीत, वरण-बट्टी, शेवभाजी, जे काही जीव की प्राण असेल ते त्या दिवशी बंद. उलटीच्या वेळेला जी चव तोंडात असते तिचाच मुलाला पुढे महिनोन् महिने तिटकारा येतो. आई बिचारी मायेनं करून डब्यात नेते आणि मूल घरचं जेवणच सोडतं. त्या दिवशी साधं, कमी वासाचं द्या आणि औषध सुरू होण्याआधी एखादी अनोळखी चवीची गोळी चघळायला द्या. तिटकारा बसलाच तर त्या गोळीवर बसेल.

काही मुलांना वॉर्डाच्या वासानंच, औषध सुरू व्हायच्या आधी उलटी होते. ते नाटक नाही. शरीरानं वास आणि उलटी यांची गाठ मारलेली असते. डॉक्टरांना 'औषधाआधीच उलटी होते' असं नेमकं सांगा, त्यावर वेगळं औषध असतं. लिंबाचा वास, कानात गाणी आणि शक्य असेल तर वेगळ्या खोलीतली खाट यांनीही आराम पडतो.

---

केळीचा_मळा | २७ जून २०२१

सिस्टर, ब्लड कॅन्सरच्या गोळ्या सुरू असताना काही दिवस मूल एकदम चिडकं होतं, वस्तू फेकतं, रात्री दोनला जेवायला मागतं. पुन्हा आपोआप शांत. हे मनाचं की औषधाचं?

---

गिरणामाय | २७ जून २०२१

दादा, तारखा बघा. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडं चालू असण्याचे तेच दिवस निघतील. स्टिरॉइडनं भूक, चीड, रडू, झोपमोड हे सगळं होतं आणि कोर्स संपल्यावर काही दिवसांत ओसरतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते दिवस रंगवून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः भावंडांना, सांगा की या दिवसांत बोललेलं मनावर घ्यायचं नाही. मुलालाही सांगा: 'हे औषध तुला चिडवतंय, तू वाईट नाहीस.' सकाळचा डोस उशिरा घेऊ नका, झोप आणखी बिघडते. रात्रीच्या भुकेसाठी मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, फुटाणे असं तयार ठेवा. मीठ आणि गोड आवरा. मनानं गोळी बंद मात्र करायची नाही, स्टिरॉइड अचानक तोडणं धोक्याचं असतं.

---

पांझरा (मानसोपचार, धुळे) | २७ जून २०२१

वरच्यात एक भर. स्टिरॉइडवर असलेल्या मुलाला नसलेले आवाज ऐकू येणं, कुणी मारायला आलंय असं वाटणं, सलग दोन रात्री अजिबात झोप नसणं, यांपैकी काही झालं तर कोर्स संपायची वाट बघू नका. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन. अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नका.

---

केळीचा_मळा | २८ जून २०२१

आणि सोळा-सतराच्या मुलांचं काय? हाडाच्या कॅन्सरच्या उपचारात असलेली मोठी पोरं दिवसभर भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघतात, विचारलं की 'काही नाही' म्हणतात. 'आता दवाखाना नको' म्हणतात. घरचे म्हणतात राहू दे शांत.

---

पांझरा | २८ जून २०२१

या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवं. रडणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. गप्प मुलाला 'शहाणं आहे, त्रास देत नाही' म्हणतात आणि तेच निसटतं. या संपूर्ण धाग्यातून पालकांनी एकच गोष्ट उचलायची असेल तर माझ्या मते हीच.

आधी शरीर तपासा. दुखणं पुरतं थांबलेलं नसेल तर कुठलंही मूल बोलणार नाही. शून्य ते दहा आकड्यांत किती दुखतं ते सकाळ-संध्याकाळ विचारा, लहानांना चेहऱ्यांची चित्रं दाखवा. आकडा चारच्या वर राहत असेल तर दुखण्याचं औषध अपुरं आहे, ते डॉक्टरांना सांगा. मॉर्फिनचं नाव ऐकून घरचे घाबरतात. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत दिलेल्या मॉर्फिनचं मुलाला व्यसन लागेल या भीतीनं ते नाकारू नका. हिमोग्लोबिन उतरलं असेल, विन्क्रिस्टिन या केमोच्या औषधानं बद्धकोष्ठ झालं असेल, तरी मूल असंच पडून राहतं. ते दुरुस्त झाल्यावरही दोन आठवडे उदासी, आवडीच्या गोष्टीत रस नसणं, झोप आणि भूक बिघडणं, 'मी सगळ्यांवर ओझं आहे' असं बोलणं टिकलं तर ते नैराश्य समजून मदत घ्या. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली किशोरवयीनांसाठी वापरता येते, फोनवरही घेता येते. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की मानसोपचारतज्ज्ञाकडे.

बोलायचं कसं? समोरासमोर बसून 'काय होतंय ते सांग' म्हटलं की दार बंद. शेजारी बसा. गाडीत, गच्चीवर, भाजी निवडताना, नजरेला नजर न देता. 'तुला सगळ्यात जास्त चीड कशाची येते?' हा प्रश्न 'तुला कसं वाटतं?' पेक्षा चालतो. उत्तर आलं की सल्ला देऊ नका, दहा सेकंद गप्प राहा. तिथे पालकांचं हमखास बिघडतं: मूल 'मरणार का मी?' म्हणतं आणि आई घाईनं 'असं बोलू नये' म्हणते. मुलाला कळतं की हा विषय या घरात बंद आहे. त्याऐवजी 'हा विचार कधीपासून येतो?' असं विचारा, मग डॉक्टरांनी जे खरं सांगितलं आहे ते सांगा.

'दवाखाना नको' म्हणणाऱ्या मुलाला नेमकं काय नको ते विचारा. कधी फक्त एक विशिष्ट प्रोसिजर नको असते, कधी पाय जाईल ही भीती असते, कधी बापानं वावर गहाण टाकलं हे कानावर आलेलं असतं. शेवटच्या कारणात महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा कागद मुलासमोर ठेवून कशाचा खर्च त्यात बसतो, कशाचा नाही, हे खरं सांगितलं तर समजुतीच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त काम होतं. योजनेचा क्रमांक १५५३८८.

आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्यानं विचार रुजत नाही, बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञाशी बोला. 'नाही' असलं तरी एक काम प्रत्येक शेतकरी घरानं करावं: फवारणीची औषधं घरात, माळ्यावर, न्हाणीत ठेवू नका. वावरातल्या खोलीत कुलपात, किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. मुलाच्या स्वतःच्या गोळ्याही आठवड्यापुरत्याच हाताशी, बाकी कुलपात. २०२१ मध्ये सरकारची 'किरण' हेल्पलाइन १८००-५९९-००१९ चोवीस तास चालू होती, अठराच्या आतल्यांसाठी १०९८.

नैराश्यावरची गोळी लागली तर दोन-चार आठवड्यांनी असर जाणवतो, दुसऱ्या दिवशी नाही. ती कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवूनच सुरू करायची, कारण उलटी थांबवणाऱ्या औषधांबरोबर काही गोळ्यांचं पटत नाही.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. वयात आलेल्या मुलांमध्ये काही केमो औषधांमुळे पुढे मूल होण्यात अडचण येते. पहिल्या केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवता येतं, नंतर विचारून उपयोग नसतो. मुलगा बापासमोर बोलणार नाही. डॉक्टरांना सांगून दहा मिनिटं एकट्याशी बोलू द्या. मुलींसाठीही काय करता येईल ते त्याच वेळी विचारा.

---

सातपुडा (आरोग्य कार्यकर्ता, धडगाव-अक्कलकुवा) | २९ जून २०२१

हे सगळं आमच्या पाड्यांवर फोननंच करायचं आहे आणि फोनचं गणित वेगळं आहे. व्हिडिओ कॉलचा हट्ट सोडा. टेकडीच्या ज्या टोकाला रेंज येते तिथे उभं राहून मूल चार लोकांसमोर मनातलं बोलणार नाही. साधा कॉल, वार आणि वेळ ठरलेली, आदल्या दिवशी मिस्ड कॉल देऊन आठवण. वीस ते तीस मिनिटं, त्यापुढे आजारी मूल थकतं. साधे तारेचे इअरफोन द्या, म्हणजे समोरच्याचं बोलणं फक्त मुलाला ऐकू येतं. खूण ठरवून ठेवा: मुलाला बोलायचं नसेल किंवा कुणी जवळ आलं असेल तर त्यानं 'पाऊस आला' म्हणायचं, समुपदेशकानं विषय बदलायचा.

अल्पवयीन मुलासोबत मोठं माणूस हवं, असं टेलिमेडिसिनच्या मार्च २०२० च्या नियमांत आहे. म्हणून पहिली पाच मिनिटं आई, मग आई हाकेच्या अंतरावर आणि शेवटी पुन्हा आई. हे न केल्यास काय होतं? आई शेजारी बसून प्रत्येक उत्तर स्वतः देते आणि मूल फोन ऐकत नुसतं बसून राहतं.

भाषा बघा. मुंबईची ताई शुद्ध मराठीत 'तुझ्या भावना सांग' म्हणते, पोरगं गप्प. 'तुले कसानं भ्याव वाटस?' (तुला कशाची भीती वाटते?) असं अहिराणीत विचारलं की बोलतं. पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या घरात आशाताईला दुभाषी घ्या. भावंडाला दुभाषी करू नका, जे त्यानं ऐकू नये तेच त्याच्या तोंडून वदवून घेतलं जातं.

---

गोळी_पट्टी (फार्मासिस्ट) | ३० जून २०२१

मन आणि औषध यांचा सांधा कुठे निखळतो ते सांगतो. मुलांमधल्या नेहमीच्या ल्युकेमियाचे (ब्लड कॅन्सरचे) उपचार एकूण दोन ते तीन वर्षं चालतात आणि त्यातला मोठा भाग घरी गोळ्या घेण्याचा असतो. मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. केस परत आलेले, मूल खेळतंय, वर कोरोनामुळे दवाखान्याची भीती, अशा वेळी गोळ्या सुटतात. मोठी मुलं तर मुद्दाम चुकवतात, कारण गोळी दिसली की आजार आठवतो. ओरडून उपयोग नाही. सात कप्प्यांची डबी आणा, रविवारी मुलानंच भरायची, मोठ्यानं फक्त तपासायची. मेथोट्रेक्सेटचा वार ठरवा, त्या कप्प्यावर लाल पट्टी. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं, म्हणून तिची पाकिटं वेगळ्या डब्यात. लॉकडाऊनच्या भीतीनं तीन महिन्यांच्या गोळ्या साठवू नका, रक्ताच्या रिपोर्टवर डोस बदलतो.

---

गिरणामाय | ३० जून २०२१

याला जोडूनच, मुलं ताप लपवतात. ताप म्हणजे भरती, भरती म्हणजे स्वॅब आणि कदाचित आईपासून वेगळी खोली, हे त्यांना पाठ झालंय. म्हणून तापमान रोज ठरल्या वेळी, दात घासण्याइतकं सहज मोजा, मुलाला आकडा वहीत लिहू द्या. १०१ फॅरनहाइट एकदा, किंवा १००.४ तासभर टिकला, की लगेच फोन आणि दवाखाना. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नका. अशा वेळी घरात आरडाओरडा झाला की पुढच्या वेळी मूल सांगत नाही. बॅग आधीच भरलेली असू द्या: फाईल, चार्जर, इअरफोन, घरची चादर, भावंडानं दिलेली एक वस्तू.

---

अमळनेर_पॅसेंजर | २ जुलै २०२१

तारीख चुकेल ही काळजी मोठ्या मुलांना पालकांइतकीच असते, म्हणून प्रवासाची माहिती त्यांना दाखवून ठेवा. २० मार्च २०२० पासून रेल्वेनं बहुतेक सवलती थांबवल्या, पण रुग्णांच्या चालू आहेत. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो आणि तिकीट खिडकीवरच मिळतं. २०२१ मध्ये आरक्षणाशिवाय चढता येत नव्हतं; पुढची तारीख हातात पडताच तिकीट काढा. परळच्या टाटा रुग्णालयात आल्यावर समाजसेवा विभागात राहण्याची सोय विचारा. सेंट जूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये मुलासह कुटुंबाला मोफत राहता येतं, पण रुग्णालयानं पाठवावं लागतं.

---

केळीचा_मळा | ४ जुलै २०२१

अवघड प्रश्न आहे. घरात आजी-आजोबा कोरोनानं गेले आणि मूल मुंबईत उपचारात असेल तर सांगायचं का? आणि शेजारच्या खाटेवरचं मूल गेलं तर?

---

तापीकाठ | ४ जुलै २०२१

सांगायचं. लपवलं तर मूल रोज फोनवर आजीला मागतं, रोज नवं कारण ऐकतं आणि मग स्वतःच्या आजाराबद्दलही तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. वेळ निवडा: केमोचा दिवस, तापाचा दिवस, झोपायची वेळ टाळा. सोबत जे माणूस आहे त्यानंच सांगावं, फोनवरून दुसऱ्यानं नको. 'झोपली', 'गावाला गेली', 'देवाघरी गेली' हे शब्द लहानांसमोर टाळा. मग मूल झोपायला घाबरतं, नाहीतर परत कधी येणार विचारत राहतं. 'आजी वारली. तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही. तिला कोरोना झाला होता, तुझा आजार वेगळा आहे.' इतकंच, आणि मग थांबा. बहुतेक मुलं पहिला प्रश्न 'माझ्यामुळे?' असाच विचारतात, किंवा मनात ठेवतात. उत्तर तयार ठेवा. सोबतीला आलेलं माणूस रडलं तर चालतं, फक्त 'मला आजीची आठवण येते म्हणून रडतेय' एवढं कारण सांगा. कारण माहीत नसलं की मूल समजतं, आपला रिपोर्ट वाईट आला.

वॉर्डातल्या मुलाबद्दल 'घरी गेला' असं कधीच सांगू नका. आपल्याला घरी सोडायची वेळ आली की तेच मूल किंचाळतं. विचारलं तर खरं सांगा, आणि 'त्याचा आजार आणि तुझा आजार सारखा वागत नाही' हे खरं असेल तर तेही सांगा. या काळात दहाव्या-तेराव्याला कुणाला जाता आलं नाही. मुलाला आजीसाठी चित्र काढू द्या, आजीच्या हातच्या एखाद्या पदार्थाबद्दल बोलू द्या, गावाकडे फोटोला हार घालताना फोनवर दाखवा.

---

खान्देशकन्या | ५ जुलै २०२१

श्रावणात कानबाई, आपली खान्देशची देवी, घरी येते. रोटांना (तिच्या प्रसादाच्या जेवणाला) भाऊबंद जमतात, आजारी मुलाला आतल्या खोलीत कोंडतात. काय करावं?

---

सातपुडा | ५ जुलै २०२१

ताई, कोंडलेलं मूल सण ऐकत असतं, ते जास्त टोचतं. यंदा रोट घरच्यांपुरते करा, घरात येणाऱ्या मोठ्यांनी लस घेतलेली असावी. मुलाला काम द्या: कानबाईला कोणतं पातळ, आरास कशी, हे त्यानं ठरवायचं. विसर्जनाला गर्दीत न नेता दारातून किंवा फोनवर. आलेल्यांना आधीच बजावा की 'बारीक झाला गं', 'केस कुठे गेले' असं तोंडावर बोलायचं नाही. डोकं भादरलेलं दिसलं की गावात लोक सुतक विचारतात, मुलांना ते फार लागतं. केस पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत गळतात. त्याआधीच बारीक कापायचे का, टोपी की रुमाल, हे मुलाला ठरवू द्या.

सोबत राहणाऱ्या आईबद्दलही. दिवसातून वीस मिनिटं तिनं वॉर्डाबाहेर जावं आणि बापानं त्या वेळी मुलाशी फोनवर बोलत राहावं. महिन्या-दीड महिन्यात आलटून पालटून राहता आलं तर उत्तम. मामाकडे राहिलेल्या भावंडाला रोज पाच मिनिटं फक्त त्याच्या शाळेविषयी आणि खेळाविषयी विचारा, दवाखान्याचं काही नाही.

---

खडूफळा (शिक्षक) | १० ऑक्टोबर २०२१

धागा वर काढतोय. ४ तारखेपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी वर्ग भरले. आतापर्यंत बहुतेक मुलं घरी होती, त्यामुळे आजारी मूल वेगळं पडत नव्हतं. आता ते एकटंच घरी आहे आणि वर्गाचा व्हॉट्सॲप गट शांत झालाय. शिक्षकांना विनंती: हजेरीतून नाव काढू नका, हजेरी घेताना ते नाव वाचा. आठवड्यातून दोनदा वर्गातलं एकच मूल, वर्गानं ठरवलेलं, त्याला फोन करेल, दहा मिनिटं, अभ्यासाविषयी कमी आणि वर्गात कोण काय बोललं याविषयी जास्त. वर्गाला आजाराची माहिती द्यायची का, किती, हे मुलाला आणि पालकांना विचारूनच. दिली तर तीन गोष्टी पुरेत: लागण होत नाही, केस परत येतात, चिडवायचं नाही.

परत येईल तेव्हा पहिले दोन आठवडे अर्धाच दिवस. विन्क्रिस्टिननं पावलं ढिली पडतात, जिन्यावर अडखळतं, म्हणून तळमजल्यावरचा वर्ग. टोपी आणि पाण्याची बाटली बाकावर ठेवायला परवानगी. गृहपाठ निम्मा, पण शून्य नको. शून्य दिला की मुलाला कळतं, सगळ्यांनी आपल्यावरची आशा सोडली.

---

गोळी_पट्टी | ६ जानेवारी २०२२

३ तारखेपासून १५ ते १८ वयोगटाची लस सुरू झाली आहे. केमो चालू असलेल्यांनी तारीख डॉक्टरांना विचारून ठरवावी, पेशी किती आहेत त्यावर आठवडा ठरतो. सुईचं भय असलेल्यांना वरचीच मलमाची युक्ती चालेल का, तेही विचारा. गावात 'कॅन्सरवाल्यांनी लस घेऊ नये' असा निरोप फिरतोय, तो पुढे ढकलू नका.

---

पांझरा | १४ ऑक्टोबर २०२२

वर दिलेल्या क्रमांकांत भर घाला: १० ऑक्टोबरपासून सरकारची 'टेली मानस' सेवा सुरू झाली, क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास. फोन करण्याआधी मुलाची चालू औषधं, शेवटच्या केमोची तारीख आणि स्टिरॉइड चालू आहे की नाही, हे कागदावर लिहून जवळ ठेवा. समोरच्या समुपदेशकाला कॅन्सरच्या औषधांची माहिती असेलच असं नाही आणि स्टिरॉइडची चीड नैराश्य म्हणून नोंदली जाऊ शकते. उपचार संपलेल्या मुलांच्या पालकांनीही हा क्रमांक जपून ठेवावा. फेरतपासणीच्या आधीच्या आठवड्यात पोटदुखी, झोप न लागणं, शाळेला जायला नकार हे पुष्कळ मुलांत दिसतं. त्या आठवड्यात रिपोर्ट कधी आणि कुणाकडून कळणार, हे मुलाला तारीख-वारासह आधीच सांगून ठेवा.